गोल्फचा नवीन ड्रायव्हर घ्यायच्या आधी बॉलवर मार्करचा ठिपका काढा

नागपूर-पुण्याले नोकरीवर गेलेली आपल्याकडची पोरं आता गोल्फ शिकून राह्यली, अन् सुट्टीत गावात आली की इचारतात, भाऊ महागाचा सेट घेतला तर खेळ सुधरते काय? यावर पारावर बसून वाद कायले घालता, वावरात जाऊन तपासता येते.

कोणाचंही जुनं 7 नंबरचं आयर्न मागून आणा, म्हणजे लोखंडी हेडचा क्लब, बॉल मारायची काठी. सोयाबीन निघालेलं रिकामं वावर पाहा, समोर माणूस नको ढोर नको, कारण खरा बॉल 45 ग्रॅमच्या आसपासचा अन् दगडासारखा कडक, लागला तर डोकं फुटते. वाळलेल्या काळ्या मातीवर डायरेक्ट मारू नका, मनगट झिणझिणते, खाली जुन्या पायपोसाचा तुकडा टाका. आता बॉलच्या ज्या बाजूले क्लब लागणार तिथं व्हाइटबोर्ड मार्करनं जाड ठिपका काढा अन् मारा, क्लबच्या फेसवर, म्हणजे बॉलले लागणाऱ्या सपाट बाजूवर, शिक्का उमटते. मोबाईलमध्ये फोटो घ्या, फेस पुसा, परत मारा, असे दहा-पंधरा बॉल झाले पाहिजे.

शिक्के फेसभर विखुरले असतील, एक टोवर म्हणजे बाहेरच्या टोकावर, एक हीलवर म्हणजे दांड्याकडच्या बाजूले, एक पार खाली, तर सरळ आहे, तुमचा स्विंगच, म्हणजे क्लब फिरवणंच, दरवेळी वेगळा पडते. अशा हातात लाखाचा सेट दिला तरी तेच होईल. पैसे ठेवा अन् कोचले द्या.

पण सगळे शिक्के एकाच जागी, समजा टोच्या बाजूले, गोळा झाले तर मग गोष्ट वेगळी. आधी बॉलच्या थोडं जवळ उभं राहून पाहा, तरी तिथंच येत असतील तर क्लबची लांबी तुमाले जमत नाही. ठिपक्याऐवजी उभी रेघ काढली अन् फेसवर ती तिरपी उमटली तर क्लबचा लाय कोन, म्हणजे जमिनीवर टेकवल्यावर दांडा किती तिरपा राह्यते तो, चुकला, तो फिटिंगवाला वाकवून देते. म्हणजे सामानाचा फरक पडतेच, पण ज्याचा हात बसला त्याले.

ड्रायव्हरचं, म्हणजे लांब मारायच्या मोठ्या हेडच्या क्लबचं म्हणाल तर नियमातच हेडची मर्यादा 460 सीसी आहे, फेसच्या उसळीलेही मर्यादा आहे, त्यामुळं दोन-चार वर्षं जुनं मॉडेल काई फार मागं नसते. मोठं हेड आडवंतिडवं लागलं तर थोडं सांभाळून घेते हे खरं, पण बॉल उजवीकडं पळते तो फेस उघडा, म्हणजे उजवीकडं वळलेला, राह्यल्यानं, अन् तो उघडा ठेवते कोण?

स्पेनचा सेवे बॅलेस्टेरोस लहानपणी समुद्राच्या वाळूत एका 3 नंबरच्या आयर्नवर शिकला अन् पुढं 1979, 1984, 1988 मध्ये ब्रिटिश ओपन ही मोठी स्पर्धा जिंकला. मुंबईत चेंबूरची कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा उचलणारी पोरं तर सळाख वाकवून क्लब करतात अन् प्लास्टिकच्या बॉलवर गल्लीत खेळतात.

पैसे खर्चायचेच असतील तर पहिले नवीन ग्रिप, म्हणजे मुठीचं रबर, बसवा अन् एक ग्लोव्ह घ्या, आपल्या उन्हाळ्यात घामानं जुनं घासलेलं ग्रिप हातात फिरते बाप्पा. मग पटर, म्हणजे बॉल होलमध्ये लोटायचा क्लब. पार 72 च्या, म्हणजे 72 फटक्यांत संपवायच्या कोर्सवर हिशोबात 36 पट, म्हणजे पटरचे फटके, धरलेले असतात, म्हणजे अर्धा खेळ तिथंच, अन् त्याची प्रॅक्टिस फुकट आहे, अंगणात खडूनं सव्वाचार इंचाचा गोल काढा, होल तेवढंच असते. बाकी बॅगेत जास्तीत जास्त 14 क्लब चालतात, कमीत कमी किती असा नियमच नाही, सहा-सातवर मजेत खेळता येते. शूज वगैरे नंतर पाहू.

सेकंडहँड घेताना हेड हलवून आत काई खुळखुळते काय ते ऐका, शाफ्ट म्हणजे दांडा डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहा, वेजच्या, म्हणजे जवळून बॉल उंच उचलायच्या क्लबच्या, फेसवरच्या खाचा नखानं चाचपा, गुळगुळीत झाल्या असतील तर सोडून द्या. अन् ऑनलाइन घेत असाल तर फेसचा अन् तळाचा फोटो मागूनच घ्या, इकणारा वरचाच चकाचक पाठवते.