रिकेट्स ग्लेनला मे महिन्यात: दोघांच्या कॅम्पिंगची तयारी

पेन्सिल्व्हेनियातल्या रिकेट्स ग्लेन स्टेट पार्कला तंबू टाकायला जायचं, तर एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंतचे दिवस मला सगळ्यांत आवडतात. बर्फ वितळून किचन क्रीक हा ओढा भरून वाहत असतो, वीसहून जास्त धबधबे एकाच वाटेवर भेटतात आणि मेअखेरच्या मेमोरियल डेच्या सुट्टीची गर्दी अजून लांब असते. न्यू जर्सीतल्या एडिसनकडून गाडीने अडीच-तीन तासांत पोचता येतं. पण हा हंगाम फसवा आहे. दुपारी टी-शर्टवर फिरता आणि पहाटे दात वाजायला लागतात. आपल्याकडे कुठेही जायची तयारी खाण्यापासून सुरू होते. इथे मात्र आधी झोपेची तयारी करा, मग पायांची, आणि पोटाची सगळ्यांत शेवटी. पोटाची काळजी आपण न सांगताही घेतोच.

जागेचं आरक्षण 11 महिने आधी खुलं होतं. पार्कात शिरायला पैसे पडत नाहीत, तंबूच्या जागेला पडतात, आणि दुसऱ्या राज्यातून येणाऱ्यांना थोडे जास्त. लेक जीनच्या काठाकडच्या जागा देखण्या आहेत, पण मेमधला तळ्यावरचा वारा रात्री बोचतो. दोघंच असाल तर झाडांच्या आडोशाची, किंचित उंचावरची जागा घ्या. खोलगट जागी पावसाचं पाणी साचतं आणि थंड हवाही तिथेच येऊन बसते. नळ आणि अंघोळीची सोय त्या तारखांना सुरू असेल का, ते तेव्हाच विचारून घ्या. पार्कचा पत्ता बेंटन गावाचा आहे, म्हणून सगळे बेंटनचं हवामान बघतात. तळ्याचा परिसर त्या गावाहून हजार फुटांपेक्षाही जास्त उंच आहे. गावात 42 फॅरनहाइट दाखवत असेल तर वर तीसच्या घरातली तयारी ठेवायची.

आता झोप. स्लीपिंग बॅगवर जो आकडा मोठा छापलेला असतो, तो बहुतेकदा निभावून नेण्याचा असतो, सुखाने झोपण्याचा नव्हे. नीट शोधलं तर दोन आकडे सापडतात, ‘कम्फर्ट’ आणि ‘लिमिट’. प्रमाणित चाचणीत कम्फर्टचा आकडा सर्वसाधारण बाईच्या हिशोबाने काढतात आणि लिमिटचा अंग आखडून झोपलेल्या सर्वसाधारण पुरुषाच्या हिशोबाने. म्हणजे एकाच प्रकारच्या बॅगेत नवरा घोरत असताना बायको कुडकुडत असते, ते नाजूकपणामुळे नाही. दोघांसाठीही कम्फर्टचा आकडा 30 फॅरनहाइटच्या आसपास असलेली बॅग घ्या. दोन बॅगा चेनने एकमेकींना जोडायच्या असतील, तर एकीची चेन डावीकडे आणि दुसरीची उजवीकडे लागते, शिवाय दोन्ही चेन एकाच मापाच्या हव्यात. हे दुकानातच जोडून बघा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे खाली काय घालता. बॅगेचा अंगाखाली दबलेला भाग ऊब धरत नाही, आणि वसंतातली जमीन हवेपेक्षा जास्त गार असते. घरी पाहुण्यांसाठी फुगवतो ती हवेची गादी इथे नेऊ नका. आतली हवा जमिनीइतकी गार होते आणि रात्रभर पाठ थंड पडते. अंगाखालचं पॅड घेताना त्याची ‘आर व्हॅल्यू’, म्हणजे गारवा अडवण्याचा आकडा, बघा, या दिवसांत चार किंवा जास्त हवी. तेवढं चांगलं पॅड घ्यायचं नसेल, तर साध्या फोमच्या पॅडवर जाड गोधडी अंथरा. गावाहून आणलेली गोधडी अमेरिकेत कपाटात पडून असते, तिला यापेक्षा चांगलं काम मिळणार नाही. झोपायचे कपडे, लोकरी मोजे आणि कानटोपी एका वेगळ्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा आणि दिवसा काहीही झालं तरी ती उघडू नका. दिवसभराच्या घामट, ओलसर कपड्यांनिशी बॅगेत शिरलं की कितीही महाग बॅग असो, ऊब येत नाही.

तंबू घरामागे किंवा एखाद्या बागेत एकदा उभा करून बघा आणि खुंट्या मोजून घ्या. खाली अंथरायचं प्लास्टिक तंबूच्या बुडापेक्षा थोडं लहान हवं. बाहेर डोकावलं की पावसाचं पाणी त्यावर साचतं आणि थेट तुमच्या खाली येतं. रात्री थंडी म्हणून तंबूच्या खिडक्या पूर्ण बंद करू नका, नाहीतर दोघांच्या श्वासाची वाफ आतून ठिबकत राहते. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते: ऊब यावी म्हणून शेगडी, हीटर किंवा निखारे तंबूत नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही.

पायांकडे येऊ. फॉल्स ट्रेलचा पूर्ण फेरा 7.2 मैलांचा आहे, आणि गनोगा ग्लेन आणि ग्लेन ली या दोन दऱ्या आणि वरचा हायलँड ट्रेल असा छोटा फेरा 3.2 मैलांचा. बहुतेक धबधबे या छोट्या फेऱ्यातच बघून होतात, 94 फुटांचा गनोगा फॉल्ससुद्धा. अंतर किरकोळ वाटतं, पण वाट म्हणजे दगडी पायऱ्या, त्यावर शेवाळ, वरून तुषार आणि कडेला सरळ दरी. चालायचे साधे स्पोर्ट्स शूज इथे पुरत नाहीत. चांगली पकड असलेले बूट, प्रत्येकी एक काठी आणि पाठपिशवीत मोज्यांचा सुका जोड घ्या. जीन्स घरी ठेवा. भिजलेलं सुती कापड अंगातली ऊब शोषतं आणि हेमलॉकच्या झाडांच्या सावलीत दिवसभर वाळत नाही. लोकर किंवा सिंथेटिक, वर रेनकोट, एवढं पुरे. मी गनोगाच्या बाजूने खाली उतरत नाही, ग्लेन लीने उतरून गनोगाने चढते, म्हणजे सगळ्यांत उंच धबधबा खालून, समोरून वर येताना दिसतो. या दरीतली जुनी झाडं बघायला तासभर जास्तीचा धरा.

पोटासाठी दोन रात्रींचं सांगते. घरी बऱ्याच जणांकडे ब्यूटेनच्या डब्यावर चालणारी सपाट शेगडी असते, पॅटिओवर डोसे घालायची. गारठ्यात ती दगा देते, कारण ब्यूटेन गोठणबिंदूच्या आसपास वायू व्हायचं थांबतं. प्रोपेनची हिरवी नळकांडी चालणारी शेगडी न्या, पहाटेचा चहा बिनघोर होतो. पहिल्या रात्री अंधारात पोचलात तर स्वयंपाक नको. तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, दही. दुसऱ्या सकाळी पोहे, कांदा घरूनच चिरून आणि फोडणीचं साहित्य एका छोट्या डबीत. रात्री मुगाची खिचडी, दोन लिटरचा कुकर त्यासाठी आणण्याजोगा आहे. आणि निखाऱ्यात भाजलेल्या वांग्याचं भरीत! घरच्या इलेक्ट्रिक शेगडीवर जे कधीच जमत नाही, ते इथे आपसूक होतं. वांगं, लसूण, मिरची, कोथिंबीर आणि भाकऱ्या किंवा पाव, एवढ्यावर रात्र साजरी होते. दारूला स्टेट पार्कांत बंदी आहे, बिअर घरीच राहू द्या.

लाकूड घरून नेऊ नका, जळणाबरोबर झाडं मारणारे किडे एका जंगलातून दुसऱ्यात जातात. पार्कजवळच विकत घ्या. पेन्सिल्व्हेनियात वणव्यांचा मुख्य हंगाम वसंतच असतो, कारण झाडांना पालवी फुटेपर्यंत ऊन थेट गेल्या वर्षीच्या वाळक्या पानांवर पडतं. शेकोटीवर बंदी लागली आहे का ते निघायच्या दिवशी बघा, बादली जवळ ठेवा, आणि राखेत हात घालता येईल इतकी ती गार झाल्याशिवाय झोपायला जाऊ नका. इथे काळी अस्वलं आहेत. खाणं, उष्टी भांडी, कचरा, टूथपेस्ट, सुगंधी क्रीम, सगळं रात्री गाडीत, काचा बंद. तंबूत शेंगदाण्याची पुडीसुद्धा नको.

गोचिडीबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्यातले बरेच जण अस्वलाला घाबरतात आणि हिला विसरतात. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाचे रुग्ण ज्या राज्यांत सर्वांत जास्त नोंदले जातात, त्यांत पेन्सिल्व्हेनिया आहे, आणि मेपासून हिंडू लागणारी पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात. निघायच्या आधी एकदोन दिवस बूट, मोजे आणि पॅंटींवर परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा घराबाहेर मारून पूर्ण वाळू द्या. तो कपड्यांसाठी आहे, अंगासाठी नाही, आणि घरात मांजर असेल तर ओला असताना तिला लांब ठेवा. अंगाला डीट किंवा पिकारिडिन असलेलं कीटक पळवणारं औषध लावा. पॅंट मोज्यांत खोचा. रोज संध्याकाळी एकमेकांना तपासा: कानामागे, केसांच्या मुळाशी, काखेत, कमरेला, गुडघ्यामागे. दोघं असण्याचा हा खरा फायदा, पाठ एकट्याला दिसत नाही. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ वर ओढा. तूप, तेल, काडीची आग असले उपाय नकोत. तारीख लिहून ठेवा. पुढच्या महिनाभरात पुरळ किंवा ताप आला तर डॉक्टरांना ती सांगा.

उरलेलं झटपट: प्रत्येकी एक हेडलॅम्प, प्रथमोपचाराची पेटी, रोजच्या गोळ्या, जास्तीची दोरी, कात्री, कचऱ्याच्या पिशव्या. मोबाइलला तिथे भरवसा नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या. कुठे आहात आणि कधी परतणार हे इथल्या एखाद्या मित्राला लिहून द्या, आणि भारतात आईबाबांना सांगून ठेवा की शनिवार-रविवार फोन लागणार नाही. ट्रेलर ओढत असाल तर रेड रॉककडून वर येणारा 487 क्रमांकाच्या रस्त्याचा चढ टाळून डशोरकडून या.

निघताना खुर्च्यांच्या खालून, तंबूच्या पिशवीवरून आणि गाडीच्या चाकांभोवती नजर फिरवा. स्पॉटेड लँटर्नफ्लाय ही कीड या देशात पहिल्यांदा 2014 मध्ये पेन्सिल्व्हेनियातच सापडली, आणि तिची अंडी वाळलेल्या चिखलाच्या थरासारखी दिसतात, खरवडून टाका. घरी पोचल्यावर कपडे धुण्याआधी 10 मिनिटं ड्रायरमध्ये कडक तापवा, गोचिडी त्यात मरतात. तंबू त्याच रात्री गॅरेजमध्ये पसरून वाळवा, ओला गुंडाळून ठेवला तर आठवड्यात बुरशी धरतो.