बोरन्हाणाचे फोटो काढताना या चुका टाळा

काळं झबलं, त्यावर पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने आणि मध्ये बाळाचा चेहरा. कॅमेऱ्याचा अंदाज चुकवायला एवढं पुरेसं असतं. त्यात कार्यक्रम बहुतेक संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली, आणि डोक्यावरून बोरं-चुरमुरे पडत असतात. म्हणून संक्रांत ते रथसप्तमीच्या दिवसांत निघालेले कितीतरी फोटो पिवळट, हललेले किंवा चेहरा पांढराफटक पडलेले असतात. महागडा कॅमेरा आणला तरी हे सुटत नाही. प्रकाशाची वेळ आणि जागा आधी ठरवली की साध्या फोनवरही सुटतं.

बाळाचा खास फोटो कार्यक्रम संपल्यावर काढणं

सगळ्यात मोठी चूक हीच. जानेवारीच्या मध्यावर पुण्या-मुंबईकडे सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, विदर्भात त्याही आधी. पाहुणे सहाला जमतात, तोवर खिडकीतला उजेड गेलेला असतो. शिवाय कार्यक्रमानंतर बाळ कंटाळलेलं असतं, काटेरी हलवा मानेला टोचत असतो आणि मुकुट एका बाजूला कललेला असतो.

खास फोटो चार ते पाचच्या दरम्यान उरकून घ्या. हार आणि बाजूबंद आधी बांधा, मुकुट अगदी शेवटी घाला. दागिने चढवल्यावर लहान मूल पाच-दहा मिनिटंच शांत राहतं, त्यामुळे जागा, पाट आणि कॅमेऱ्याची सेटिंग त्याआधीच तयार हवी.

खिडकी चुकीच्या बाजूला असणं

खिडकी बाळाच्या पाठीमागे असेल तर चेहरा काळवंडतो. ती फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे असेल तर चेहरा सपाट दिसतो आणि बऱ्याचदा तुमचीच सावली बाळावर पडते. पाट खिडकीपासून ३ ते ५ फुटांवर ठेवा आणि बाळाला थोडं तिरकं, खिडकीकडे तोंड करून बसवा. बुबुळात खिडकीची छोटी चौकोनी चमक दिसली की जागा बरोबर आहे. ती चमक नसेल तर डोळे निर्जीव वाटतात, आणि एडिटिंगमध्ये ती नंतर खरी वाटेल अशी घालणं कठीण असतं.

खिडकीपासून दूर असलेला गाल फार काळा पडत असेल तर त्या बाजूला, फ्रेमच्या बाहेर, दोन-तीन फुटांवर पांढरी चादर किंवा पांढरा कार्डशीट धरायला कुणाला तरी सांगा. सावली भरून निघते. रंगीत चादर मात्र नको. हिरवी किंवा लाल चादर, गडद रंगवलेली भिंत, यांचा रंग थेट गालावर उतरतो.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. त्यामुळे दुपारनंतर उत्तरेच्या आणि पूर्वेच्या खिडकीतून मऊ उजेड येतो, तर दक्षिण-पश्चिमेच्या खिडकीतून थेट ऊन. असं ऊन ग्रिलच्या रेघा चेहऱ्यावर उमटवतं. खिडकीवर पांढरं सुती धोतर एकेरी पसरून लावा, तेच ऊन गाळून येईल.

खिडकीच्या उजेडात घरातले दिवेही लावणं

‘उजेड वाढावा’ म्हणून ट्यूब आणि पिवळा बल्ब दोन्ही लावले जातात. मग एक गाल निळसर आणि दुसरा नारिंगी होतो. असा मिश्र रंग एका स्लायडरने कधीच सरळ होत नाही, कारण एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. खिडकीपाशी काढताना घरातले सगळे दिवे बंद करा.

काळं झबलं कॅमेऱ्याला फसवतं

कॅमेरा समोरचं सगळं दृश्य मध्यम करड्या उजेडाचं धरून चालतो. फ्रेमचा मोठा भाग काळ्या कपड्याने भरला की त्याला अंधार वाटतो आणि तो फोटो उजळवतो. परिणामी चेहरा पांढरा पडतो आणि हलव्याचा काटा पूर्ण नाहीसा होऊन त्या जागी पांढरे ठिपके उरतात. इतका जळालेला भाग एडिटिंगमध्ये परत येत नाही.

फोनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होईल. मग शेजारचं सूर्याचं चिन्ह खाली ओढा. कॅमेऱ्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सेटिंग) -०.७ ते -१ ठेवा. फोटो काढल्यावर झूम करून मुकुट पाहा. हलव्याचे काटे दिसत असतील तर उजेड ठीक. चेहरा किंचित गडद वाटला तरी चालेल, तो नंतर उचलता येतो. कॅमेऱ्यात रॉ फॉरमॅट (कॅमेऱ्याने न दाबलेली मूळ फाइल) असेल तर तोच निवडा.

मागचा पडदा काळा किंवा गडद निळा असेल तर झबलं त्यात विरघळून जातं. फिकट पिवळा किंवा क्रीम रंगाचा साधा पडदा चांगला, आणि बाळ त्याच्यापासून ४-५ फूट पुढे हवं.

उभं राहून, जवळून काढणं

बाळ पाटावर आणि फोन पाच फुटांवरून खाली रोखलेला, म्हणजे डोकं मोठं आणि पाय इवलेसे. सरळ जमिनीवर बसा किंवा पोटावर झोपा, लेन्स बाळाच्या डोळ्यांच्या रेषेत आणा. फोनचा साधा १एक्स कॅमेरा बराच रुंद बघतो, त्यामुळे दीड फुटावरून नाक फुगलेलं दिसतं. ४-५ फूट मागे जा आणि २एक्स वापरा.

कॅमेऱ्याला ५० मिमी लेन्स असेल तर एफ १.८चा, म्हणजे लेन्स जास्तीत जास्त उघडण्याचा, मोह आवरा. साध्या एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर दीड मीटरवरून जेमतेम ६ सेंटीमीटर खोली स्पष्ट येते. डोळे धारदार आले तर पुढे धरलेली हलव्याची बासरी धूसर होते. एफ ४ला ही खोली १३-१४ सेंटीमीटर होते. फोनच्या पोर्ट्रेट मोडला तर मुकुटाची काटेरी कड आणि जावळ ओळखता येत नाही, तिथे अर्धवट पुसल्यासारख्या कडा दिसतात. साध्या मोडवर काढा.

बोरं पडताना शटर कमी पडणं

अर्ध्या मीटरवरून सोडलेलं बोर डोक्यापाशी पोचताना सेकंदाला सुमारे ३ मीटर वेगाने येतं. शटर १/१००, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा वेळ उघडं, असेल तर फोटोत त्याची ३ सेंटीमीटर लांब रेघ उमटते, १/५००ला फक्त ६ मिलिमीटरची. म्हणून बोरं ओततानाच्या क्षणांसाठी १/५००, शांत बसलेल्या बाळासाठी १/२५०. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० झाला तरी घाबरू नका. दाणेदार फोटो बघता येतो, हललेला नाही.

इथे संध्याकाळची एक खरी अडचण येते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५०० ठेवलं की फोटोत आडवे काळे-पिवळे पट्टे येतात. पट्टे टाळायला १/१०० किंवा १/५० ठेवावं, तर बोरं हलतात. यावर दोनच उपाय आहेत. एक, कार्यक्रमच उजेड असताना करणं. दुसरा, वेगळा फ्लॅश लावून त्याचं तोंड पांढऱ्या छताकडे, किंचित मागे वळवणं. सुरुवातीला १/२००, एफ ४, आयएसओ ८०० ठेवून पाहा. फ्लॅशचा झोत इतका क्षणिक असतो की बोरं तिथल्या तिथे थांबलेली दिसतात. छत रंगीत असेल तर हा उपाय सोडा.

फोनचा किंवा कॅमेऱ्याचा समोरचा फ्लॅश डोळे लाल करतो आणि मागच्या भिंतीवर कडक सावली पाडतो. लाल डोळे ॲपमध्ये घालवता येतात. पण फ्लॅशच्या फोटोंमध्ये बाहुलीत पुन्हा पुन्हा लालऐवजी पांढरी चमक दिसत असेल तर ती नुसती पुसून सोडू नका. बाळाला लवकर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

एडिटिंगची सुरुवात फिल्टरने करणं

आधी रंग सरळ करा. त्यासाठी बाळाच्या अंगावरच उत्तम साधन आहे: पांढरा हलवा. स्नॅपसीड किंवा लाइटरूममध्ये व्हाइट बॅलन्सचा (रंग सरळ करायच्या सेटिंगचा) ड्रॉपर घ्या आणि चेहऱ्याच्याच उजेडात असलेल्या, न जळालेल्या हलव्यावर टेकवा. एका टिचकीत त्वचेचा रंग जागेवर येतो. केशर घातलेला किंवा रंगीत हलवा मात्र यासाठी चालत नाही. मग हायलाइट्स (उजळ भाग) -३० ते -५०, म्हणजे काटा उठून दिसेल. शॅडोज (गडद भाग) +२० पर्यंतच. त्यापुढे काळं झबलं राखाडी होतं आणि त्यात दाणे दिसू लागतात, तेव्हा ब्लॅक्स -१० करून काळा रंग परत आणा.

बारीक पोत उठवणारी स्ट्रक्चर किंवा क्लॅरिटी सगळ्या फोटोवर लावू नका, कोवळी त्वचा खरखरीत दिसते. ब्रशने फक्त दागिन्यांवर लावा, तिथे ती शोभते.

फोनचा ब्युटी मोड फोटो काढण्याआधीच बंद करा. तो त्वचा गोरी करतो, गालावरची काजळाची तीट डाग समजून पुसट करतो. लाळेचा थेंब किंवा डासाचा चावा पुसायला हरकत नाही. तीट, तीळ आणि त्वचेचा मूळ वर्ण तसाच राहू द्या. नारिंगी रंगाचा ल्युमिनन्स (उजळपणा) +१०च्या वर नेला की सावळं मूल पिठूळ दिसायला लागतं, आणि काही वर्षांनी तो फोटो बघताना ते मूल स्वतःलाच ओळखणार नाही.

पाठवताना आणि छापताना

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ४ बाय ६ इंचाच्या प्रिंटला १२०० बाय १८०० पिक्सेल हवेत, ८ बाय १२ ला २४०० बाय ३६००. स्क्रीन पूर्ण उजळ ठेवून एडिट केलेला फोटो कागदावर हमखास काळपट येतो. ब्राइटनेस निम्म्यावर आणून दिवसाउजेडी एकदा तपासा, आणि अल्बमची ऑर्डर देण्याआधी एकच छोटी प्रिंट काढून पाहा.