नाव छोटं, पण घेणारे किती?

२०१६ च्या जानेवारीत मी चार अक्षरांचं एक डॉट कॉम नाव, म्हणजे वेबसाइटचा पत्ता (डोमेन), पुढे विकायला म्हणून २४० डॉलरला घेतलं. तेव्हाच्या दरानं सोळा हजार रुपये. बेळगावात टिळकवाडीत भाड्याच्या खोलीत राहत होतो, वेबसाइट बनवायच्या एका छोट्या ऑफिसात कामाला होतो आणि पगार होता चौदा हजार. रात्री साडेबाराला लिलाव संपला, नाव माझं झालं आणि मला झोप लागली नाही. तीन वर्षांनी तेच नाव ९० डॉलरला विकलं. नाव आपल्याकडे राखायला दर वर्षी रिन्यूअल करावं लागतं, मधल्या तीन रिन्यूअलचे पैसे वेगळे.

चूक काय झाली ते कळायला बराच वेळ गेला. चार अक्षरांची डॉट कॉम नावं एकूण ४,५६,९७६ होतात. सव्वीस गुणिले सव्वीस, चार वेळा. ती सगळी केव्हाच नोंदली गेली आहेत. म्हणून मी समजलो, नवी तर निघणार नाहीत, मग भाव चढतच जाणार. जमिनीसारखं. त्यात २०१५ च्या अखेरीस चिनी गुंतवणूकदार छोट्या नावांवर तुटून पडले होते आणि रोज भाव वाढत होता. पण त्यांना हवी होती ती नावं वेगळी. चिनी शब्दांची आद्याक्षरं म्हणून ती वापरली जातात. रोमन लिपीतल्या चिनीत आय, यू आणि व्ही यांनी शब्द सुरूच होत नाही, आणि बाजारानं सोयीसाठी ए, ई, ओ हेही बाजूला काढले होते. उरली वीस अक्षरं, म्हणजे १,६०,००० नावं. माझ्या नावात एक यू होता आणि एक व्ही. थोडक्यात, बासमतीचा भाव ऐकून मी कण्या भरल्या होत्या. २०१६ मध्येच तो फुगा बसला आणि चांगल्या नावांचाही भाव पडला, पण त्यांना निदान घेणारं कुणीतरी होतं.

आमचे आप्पा मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. हे सगळं त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "घेणारे किती जण हुभे होते?" मी म्हणालो, शेवटी आम्ही दोघंच होतो. "आणि आता?" आता कुणीच नाही.

हा प्रश्न मी आजही प्रत्येक नावाला लावतो. यार्डात एकाच रताळ्याला दोन भाव असतात. एक सौद्यातला, व्यापारी पोत्यावर बोलतो तो. दुसरा गणपत गल्लीत गिऱ्हाईक किलोला देतं तो. डोमेनचंही तसंच आहे. तुमच्या-माझ्यासारखे फिरवाफिरवी करणारे आपसात देतात तो घाऊक भाव. ज्या कंपनीला ते नाव आपल्या धंद्याला लावायचं आहे ती देते तो किरकोळ. धंद्यातली माणसं तिला एंड युजर म्हणतात. दोन्हींत दहापट-वीसपट फरक असू शकतो. नवीन माणूस काय करतो? किरकोळ भावाची बातमी वाचतो आणि घाऊक लिलावात तो भाव देऊन बसतो. २०१९ मध्ये व्हॉइस हे डॉट कॉम नाव तीन कोटी डॉलरला गेलं, २०१४ मध्ये झेड हे एका अक्षराचं नाव एका जपानी कंपनीनं ऐंशी कोटी येनला घेतलं. दोन्ही खरं आहे. पण एका अक्षराची डॉट कॉम नावं १९९३ मध्येच नोंदवायची बंद झाली आणि आधीची क्यू, एक्स, झेड एवढीच बाहेर राहिली. त्या भावावरून आपल्या नावाची किंमत काढणं म्हणजे खडे बाजारातल्या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या दरानं यळ्ळूरच्या शिवारातला गुंठा मागणं.

मग किंमत काढायची कशी? फुकटात आकडा सांगणारी यंत्रं आहेत, त्यांच्याकडे मी बघत नाही. मी आधी नेमबायोवर जाऊन तसल्याच नावांचे झालेले व्यवहार बघतो: तेवढीच अक्षरं, तोच शेवट, गेल्या दोन-तीन वर्षांतले. त्यावरून घाऊक भाव कळतो. मग ती अक्षरं आद्याक्षरं म्हणून जगात कोण कोण वापरतं ते शोधतो. जर्मनीतली एखादी संस्था, ब्राझीलमधली लॉजिस्टिक्स कंपनी, अमेरिकेतलं एखादं कॉलेज. त्यातल्या कितीजणांची वेबसाइट लांबलचक किंवा मधे आडवी रेघ असलेल्या नावावर चालते ते मोजतो. तेच नाव डॉट नेट, डॉट ऑर्ग, डॉट डीई अशा इतर शेवटांत नोंदलेलं आहे का तेही बघतो. असे दहा-पंधरा सापडले तर बोली लावायला हरकत नाही. तीन अक्षरांच्या डॉट कॉमला मी अजून हात लावलेला नाही. ती अवघी १७,५७६ आहेत आणि माझ्या ऐपतीबाहेर आहेत.

उच्चारता येणारं नाव असेल तर फोनवरची परीक्षा. दुसऱ्याला फोनवर एकदाच सांगायचं आणि त्यानं काय लिहिलं ते बघायचं. मराठी शब्दांची इथं फार पंचाईत होते. ळ, ठ, ण यांना रोमनमध्ये एक ठरलेलं अक्षर नाही. रताळी हा शब्द आमच्या घरातल्या चौघांनी चार तऱ्हेनं लिहिला. कुंदा, म्हणजे आमच्याकडची मिठाई, मात्र सगळ्यांनी सारखाच लिहिला. गावाच्या नावाचं तर विचारूच नका. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बेळगावी झालं तेव्हा आमच्या ऑफिसातल्या दोघांनी नव्या स्पेलिंगची वीस-पंचवीस नावं घाईघाईनं नोंदवली. मी जुन्या स्पेलिंगची सहा. नावाचं राजकारण इथं नको, ते आम्ही चहाच्या गाड्यावर भरपूर करतो. हिशेब एवढाच, की आजही तोंडात बेळगाव, दुकानाच्या पाटीवर एक स्पेलिंग आणि पत्रव्यवहारात दुसरं. अशा नावाचं गिऱ्हाईकही दुभंगतं. माझ्या सहातलं एक गेलं, सात हजाराला, एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे.

घेणारे शून्य असले की काय होतं ते सांगितलं. घेणारा एकच असला तर जास्त वाईट. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीवाल्यांचं नाव तीन अक्षरांच्या संक्षेपानं ओळखलं जातं. त्यांचा मेल फुकटच्या खात्यावर चालायचा. ती अक्षरं आणि पुढे कास्टिंग्ज असं डॉट इनमध्ये मोकळं दिसलं. मी नोंदवलं आणि दुसऱ्या दिवशी फाइल घेऊन गेलो. मालक काकांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आमचंच नाव आम्हांस विकालास काय?"

मला उत्तर सुचलं नाही, कारण ते बरोबर होतं. दुसऱ्याचा ट्रेडमार्क बघून, त्यालाच विकायला म्हणून नाव नोंदवणं हा धंदा नव्हे, त्याला सायबरस्क्वॉटिंग म्हणतात. डॉट कॉमसाठी १९९९ पासून यूडीआरपी नावाची तक्रार-पद्धत आहे, डॉट इनसाठी आयएनडीआरपी. सत्यम इन्फोवेच्या खटल्यात २००४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण आहे असं सांगितलं. निकाल विरुद्ध गेला तर नाव फुकट जातं. काकांना मी ते नाव नोंदणीच्या खर्चात देऊन टाकलं. आप्पांचं मत : "घेणारा एकच असला तर ते सौदा न्हवं, मागणं झालं."

लिलावाबद्दल थोडं. बहुतेक चांगला माल मुदत संपलेल्या नावांत मिळतो. मालकानं रिन्यूअल केलं नाही की रजिस्ट्रार, म्हणजे नाव नोंदवून देणारी कंपनी, ते लिलावात काढते. कुणीच घेतलं नाही तर पुढे तीस दिवस दंड भरून सोडवायची मुदत, मग पाच दिवसांनी नाव मोकळं होतं (याला ड्रॉप म्हणतात), आणि त्या क्षणी ड्रॉप पकडणाऱ्या कंपन्यांचे सर्व्हर त्यावर झडप घालतात. हातानं पकडायच्या नादी लागू नका. गोडॅडी ऑक्शन्स, नेमजेट, ड्रॉपकॅच या ठिकाणी आधी महिनाभर नुसतं बघत बसा. तुमची कमाल बोली भरून ठेवता येते, यंत्र गरजेपुरतीच ती वाढवत नेतं. शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ वाढतो, त्यामुळे शेवटच्या सेकंदाला घाव घालायची युक्ती चालत नाही. लिलाव संपतात आपल्याकडे रात्री उशिरा. माझा अनुभव असा, की रात्री बारानंतर आपली कमाल बोली आपल्यालाच कमी वाटू लागते. मी आकडा संध्याकाळी सात वाजता भरतो आणि लॅपटॉप मिटतो. जिंकल्यावरही लगेच पेढे वाटू नका. जुन्या मालकानं मुदतीत पैसे भरले तर नाव परत जातं आणि तुमचे पैसे तुम्हाला. बोलीआधी वेबॅक मशीनवर, म्हणजे जुन्या वेबसाइट जपून ठेवणाऱ्या साइटवर, त्या नावाचा इतिहास मात्र बघाच. एकदा न बघता घेतलेल्या नावावर आधी जुगाराची साइट होती, ते नाव अजून माझ्या गळ्यात आहे.

विकताना घाई करून चालत नाही. या धंद्यातले लोक सांगतात, शंभर नावं असली तर वर्षाला एखाद-दुसरं एंड युजरकडे जातं. माझंही तसंच आहे. ६९ डॉलरला घेतलेलं पाच अक्षरांचं एक नाव साडेतीन वर्षं पडून होतं, मग पोर्तुगालमधल्या एका कंपनीनं १,८०० ला घेतलं. मी २,५०० लावले होते. पैसे एस्क्रोमार्फतच, म्हणजे मधल्या तिऱ्हाईत कंपनीमार्फतच घ्या: घेणारा आधी तिथं पैसे ठेवतो, तुम्ही नाव हलवायचा परवलीचा आकडा, ऑथ कोड, देता, नाव त्याच्याकडे पोचल्यावर पैसे सुटतात. नुकतंच नोंदवलेलं नाव साठ दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही, तेवढं गिऱ्हाइकाला आधी सांगून ठेवा. आणि कुणी मेल केला, "पाच हजार डॉलर देतो, फक्त अमुक साइटवरून किमतीचा दाखला काढून आणा", तर तो घेणारा नसतोच. दाखल्याची फी खाणारा असतो. मी ती फी भरलेली आहे.

पोर्तुगालचे पैसे आले तेव्हा बँकेतून फोन आला, कशाचे आहेत ते लिहून द्या. गेलो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, काय विकलंत? म्हटलं, नाव. "कुणाचं?" कुणाचंच नाही, म्हटलं. त्यांनी साहेबांना बोलावलं, साहेबांनी माझ्याकडे इन्व्हॉइस मागितलं. तेव्हापासून प्रत्येक विक्रीचं इन्व्हॉइस आधी बनवतो, आणि करासाठी सीएकडे मार्चमध्ये न जाता विक्री झाली की जातो.

सध्या ४३ नावं आहेत. त्यांतल्या अकरांना घेणारे कोण ते मला अजून सांगता येत नाही, ती यंदा रिन्यू करणार नाही.