सही नसलेलं जुनं चित्र हातात आलं तर

शाईच्या रेघा आणि वर वॉटरकलर, जुन्या शहरातल्या इमारती, सही कुठेच नाही, असं चित्र मिळालं की लगेच किंमत शोधत बसू नका, आधी ते खरंच हाताने काढलंय की छापील आहे ते बघा. १०एक्स लूप (दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग) घ्या, रंगात बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर प्रिंट, विषय संपला. पण एक गोची असते, रेघा छापलेल्या आणि रंग तेवढा हाताने भरलेला असंही खूप मिळतं, म्हणून शाई नीट बघा, हाताच्या रेघेत जाड-बारीकपणा असतो, कुठे शाई साचलेली, कुठे निब अडखळलेली.

मग फ्रेम उघडा (हळू, जुना कागद चटकन फाटतो) कारण खरी माहिती बहुतेकदा मागेच असते, फ्रेमवाल्याचं लेबल, पेन्सिलीतली नोंद, माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) दडलेली सही सुद्धा. कागद उजेडासमोर धरून वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवणाऱ्याची कागदातच उमटलेली खूण, बघा. यूव्ही टॉर्चखाली कागद निळसर-पांढरा चमकला तर तो बहुधा १९५० नंतरचा. चित्रातल्या गाड्या, ट्राम, टीव्ही अँटेना यावरून पण काळ कळतो, म्हणजे त्याआधीचं नाही एवढं तरी नक्की.

डाग पुसायला जाऊ नका प्लीज. आणि भाव बघताना लोकांनी मागितलेला नाही, लिलावात प्रत्यक्ष विकला गेलेला बघा, सही नसेल तर तो भाव बराचसा शोभेची वस्तू म्हणूनच मिळतो.