पायांपासून सुरुवात करा: नवशिक्यांसाठी डासांच्या जनुकांचा पहिला धडा

नवशिक्यांना पहिल्याच दिवशी सिक्वेन्सरसमोर, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणाऱ्या यंत्रासमोर, बसवू नका. तीस डास आणि एक जनुक, एवढं काम आठवडाभर पुरतं. अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्साय घ्या. शहरी मलेरिया पसरवणारा हा डास मुंबईत गच्चीवरच्या टाक्यांत वाढतो. मात्र सगळ्या अळ्या एकाच टाकीतून भरून आणल्या तर त्यातल्या बऱ्याच सख्ख्या बहिणी निघतात आणि नमुना नावालाच तीसचा राहतो.

मोठे झालेले डास ८० टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. इथेनॉल सांडलं की मार्करची शाई जाते, म्हणून शिसपेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी नळीच्या आतच टाका.

डीएनएसाठी पाय आणि छाती वापरा. पोटात रक्त असेल तर त्यातलं हीम (रक्ताला लाल रंग देणारा घटक) पीसीआर, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची प्रक्रिया, अडवतं, शिवाय माणसाचा किंवा गुराचा डीएनए मिसळतो. लिवाक बफर (पेशी फोडून डीएनए मोकळा करणारं द्रावण) आधी ६५ अंशांवर गरम करा, कारण थंडीत त्यातलं एसडीएस हे साबणासारखं रसायन पांढरं होऊन बसतं. १०० मायक्रोलिटर बफरमध्ये हे तुकडे वाटा, ६५ अंशांवर ३० मिनिटं ठेवा, मग ८ मोलर पोटॅशियम अ‍ॅसिटेट १४ मायक्रोलिटर घालून ३० मिनिटं बर्फात ठेवा. पुढे सेंट्रिफ्यूजमध्ये ४ अंशांवर पूर्ण वेगानं २० मिनिटं फिरवा. वरचं पाणी घेताना शेवटच्या थेंबाचा मोह हमखास नडतो: पांढरा गाळ त्यासोबत येतो. त्या पाण्यात २०० मायक्रोलिटर शुद्ध इथेनॉल घालून १५ मिनिटं फिरवा. नळीची बिजागरी बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे न दिसणारा डीएनए नेमका कुठे चिकटलाय ते कळतं. ७० टक्के इथेनॉलनं धुवा, वास जाईपर्यंत वाळवा, १०० मायक्रोलिटर पाण्यात विरघळवा.

पीसीआर फसला तर डीएनए वाढवू नका, दहापट पातळ करा. अडवणारे घटकही पातळ होतात. डीएनएऐवजी नुसतं पाणी घातलेल्या नळीतही जेलवर डीएनएचा पट्टा दिसला तर अख्खी बॅच फेका. इथे दयामाया नको.

आपलं एक जनुक म्हणजे सोडियम चॅनलचं, नसांतल्या एका प्रथिनाचं. पायरेथ्रॉइड या कीटकनाशकांना दाद न देणाऱ्या डासात या जनुकात १०१४व्या जागी टीटीए या तीन अक्षरांचं टीटीटी झालेलं सापडू शकतं. हा क्रमांक घरमाशीच्या प्रथिनावरून आलाय, म्हणून डासाच्या प्रथिनावर मोजत बसणारी मुलं चुकतात. सिक्वेन्सरकडून आलेल्या आलेखात तिसऱ्या अक्षरावर ए आणि टी अशी दोन शिखरं एकावर एक दिसली तर तो डास मिश्र, म्हणजे त्याच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बदललेली. सॉफ्टवेअर अनेकदा उंच शिखर धरून एकच अक्षर देतं. म्हणून प्रत्येक आलेख डोळ्यांनी तपासायला लावा, आणि तीस डासांत मोजणी साठ प्रतींची करायला सांगा.