संगीत, तंत्रज्ञान आणि कलाकारांचे हक्क यांवर बोलायला जाताय? या चुका टाळा

समोर ढोलकीवादक बसलेले असतात, भजनी मंडळातले पेटीवाले असतात, लॅपटॉपवर ट्रॅक बनवणारी कॉलेजची पोरं असतात आणि सुपारी घेऊन गावोगाव फिरणारे गायकही. त्यांना ‘तंत्रज्ञानाने मध्यस्थ संपवले’ असं सांगितलं की टाळ्या पडतात, पण ते खरं नाही. कॅसेट कंपनी गेली आणि तिच्या जागी डिस्ट्रिब्युटर (कलाकाराचं गाणं अ‍ॅपवर पोचवणारी कंपनी), स्ट्रीमिंग अ‍ॅप, यूट्यूब अशी रांग लागली. कोणाकडे किती कापलं जातं आणि पैसा कुठे अडकतो, एवढं जरी वक्त्याने नीट सांगितलं तरी पुष्कळ झालं.

दोन हक्कांची खिचडी

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. गाणं एक असलं तरी मालमत्ता दोन असतात: एक शब्द आणि चाल, दुसरी ध्वनिमुद्रण. शब्द-चालीची रॉयल्टी, म्हणजे वापराचा मोबदला, आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची कॉपीराइट सोसायटी गोळा करते, पीपीएल ही संस्था ध्वनिमुद्रणाच्या मालकांच्या बाजूने परवाने देते आणि गायक-वादकांसाठी इसामरा, म्हणजे आधीची इसरा, आहे. जी बाई फक्त गाते, स्वतः लिहीत नाही की चाल लावत नाही, तिला ‘आयपीआरएसचे सभासद व्हा’ हा सल्ला देऊन काय उपयोग?

फळ्यावर एखादं कोळीगीत घ्या. एकाने लिहिलं, दुसऱ्याने चाल लावली, तिसरीने गायलं, चौथ्याने स्टुडिओचा खर्च केला. चार रकाने आखा आणि प्रत्येकाखाली त्याचा पैसा कोणत्या वाटेने येतो ते श्रोत्यांकडूनच भरून घ्या. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीचा मुद्दा तिथेच आणा. चित्रपटातल्या गाण्याचा वापर चित्रपटगृहाबाहेर झाला, तर त्यातला रॉयल्टीचा वाटा गीतकार-संगीतकाराला एकरकमी विकून टाकता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. मात्र कोणी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा करार पुढे केला तर व्यासपीठावरून निकाल देऊ नका. ते वकिलाचं काम आहे.

‘एका स्ट्रीमला किती?’

अ‍ॅपवर गाणं एकदा ऐकलं गेलं की किती पैसे, हा प्रश्न येतोच आणि वक्ते एक आकडा फेकून मोकळे होतात. तसा ठरलेला दर नाही. स्पॉटिफायसारख्या सेवांवर जमा झालेल्या पैशात तुमच्या गाण्याचा हिस्सा निघतो आणि देश, फुकट की पैसे भरणारा श्रोता, यावर तो बदलतो. शिवाय २०२४पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही. हे ऐकून पोरांचे चेहरे उतरतात, तरी सांगा.

गाणं वाजतंय, पण गायक गायब!

तंत्रज्ञानावर बोलणाऱ्याचीच क्लिप धड वाजली नाही की पुढचं कोणी ऐकत नाही. क्लिप सुरू होते, बाकीची वाद्यं आणि रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, ऐकू येतात, पण गायकाचा आवाज आणि ढोलकी मात्र कुठेतरी विहिरीत. फाइल खराब नसते, दोष बहुधा केबलचा असतो. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून डावा आणि उजवा असे दोन आवाज येतात. साउंडवाला एका टोकाला छोटी पिन आणि दुसऱ्या टोकाला माईकची तीन काड्यांची एक्सएलआर पिन असलेली केबल थेट माईकच्या चॅनेलला लावतो आणि मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो. मग दोन्हीकडे सारखं असलेलं, म्हणजे नेमकं मधोमध मिक्स केलेलं, सगळं पुसलं जातं. छोट्या पिनमधून दोन मोनो जॅक निघणारी केबल स्वतःच्या बॅगेत ठेवा आणि दोन चॅनेल मागा, किंवा स्टिरिओ डीआय बॉक्स, म्हणजे दोन्ही आवाज मिक्सरला नीट जोडणारी छोटी पेटी, वापरा.

घुंऽऽ असा आवाज येत असेल तर चार्जर काढून पाहा. थांबला, तर अर्थिंगचा घोळ आहे, बॅटरीवर चालवा. ब्लूटूथ स्पीकरवर ठेका लावून सोबत थेट वाजवायला तर कोणाला सांगूच नका, आवाज मागे पडतो.

ऑटोट्यूनची फजिती

ख्याल गाणाऱ्याच्या आवाजावर ऑटोट्यून, म्हणजे सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर, तसंच लावून दाखवलं, तर मींडेच्या पायऱ्या होतात. त्यात तानपुरा त्या सॉफ्टवेअरच्या ४४० हर्ट्झ या ठरलेल्या पट्टीशी जुळत नसेल, तर सुरेल गायकही बेसूर ठरतो आणि जाणकार श्रोते तिथेच वैतागतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही. आधी सॉफ्टवेअरमध्ये तानपुऱ्याची पट्टी भरा, सुधारण्याचा वेग कमी करा, आणि सॉफ्टवेअर कुठे कमी पडतं तेही ऐकवा.

प्रश्नोत्तरं

‘माझ्याच गाण्यावर मला कॉपीराइट क्लेम आला,’ ही तक्रार ठरलेलीच. उगीच यूट्यूबला शिव्या घालू नका. बहुतेकदा डिस्ट्रिब्युटरने गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, टाकलेलं असतं आणि कलाकाराचं स्वतःचं चॅनेल सवलतीच्या यादीत घातलेलं नसतं. डिस्ट्रिब्युटरला मेल करून ते घालून घ्यायला सांगा. दुसरं कारण म्हणजे बाजारात सगळ्यांना मिळणारा तबल्याचा लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजवायचा तयार तुकडा. तोच लूप वापरून दुसऱ्या कोणी गाणं नोंदवलेलं असलं की दावा तुमच्यावर येतो. तेव्हा लूपच्या परवान्याची पावती जपून ठेवायची आणि ती जोडून हरकत घ्यायची.

एखाद्या डिस्ट्रिब्युटरने तुमचं मानधन दिलं असेल तर ते पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाका. आणि कलाकारांच्या हक्कांवर बोलताना समोरच्या गायिकेला ‘ताई, जरा दोन ओळी ऐकवा ना’ म्हणून फुकट गायला लावू नका. गाणं हवंच असेल, तर आयोजकांशी तिची बिदागी आधी ठरवा.