ओल्ड बेलीचे खटले वाचताना या चुका टाळा

अठराव्या शतकातल्या लंडनमधल्या चोऱ्यामाऱ्यांवर लिहायचं तर ओल्ड बेली न्यायालयातल्या खटल्यांचे छापील वृत्तांत म्हणजे खजिनाच. ते इंटरनेटवर फुकट वाचता येतात. पण आजचं पोलीस ठाणं आणि आजचं कोर्ट डोक्यात ठेवून वाचलं की घोळ होतो.

सगळ्यात मोठा घोळ किमतीचा. निकालात 'चोरी सिद्ध, किंमत 10 पेन्स' असं दिसलं की त्या काळी रेशमी रुमाल 10 पेन्सला मिळायचा, असं बेधडक लिहिलं जातं. तो बाजारभाव नव्हेच. तो ज्युरीने ठरवलेला आकडा आहे. 12 पेन्सचा एक शिलिंग. खिशातून गुपचूप मारलेला माल एका शिलिंगाहून जास्त किमतीचा ठरला, तर शिक्षा फाशी. दुकानातून गुपचूप उचललेल्या मालासाठी हीच रेषा 5 शिलिंगांवर होती, राहत्या घरातल्या चोरीसाठी 40 शिलिंगांवर. म्हणून ज्युरी 10 पेन्स, 4 शिलिंग 10 पेन्स, 39 शिलिंग असे रेषेच्या जेमतेम खालचे आकडे सांगत. असा आकडा दिसला की आरोपात लिहिलेली किंमत शोधा आणि दोन्ही शेजारी ठेवा. तीही तंतोतंत बाजारभाव असेलच असं नाही. पण समोरच्या माणसाचा जीव वाचवायला ज्युरी किती खाली उतरली, ते त्या फरकात दिसतं. मला तरी या कागदांमधली सर्वांत माणुसकीची जागा हीच वाटते.

माल महागडा, खिसाही कापलेला, तरी फाशी नाही? मग फिर्यादीची जबानी पुन्हा वाचा. हा गुन्हा फाशीचा ठरायला चोरी मालकाच्या नकळत व्हावी लागे. 'खिशात हात गेल्याचं मला जाणवलं,' एवढं एक वाक्य साक्षीत आलं की तो साधी चोरी ठरू शके आणि आरोपी हद्दपारीवर सुटे. खिसेकापूंची ही फाशी 1808 मध्ये रद्द झाली.

'मृत्युदंड' वाचून लगेच 'फाशी दिली' लिहू नका. अनेकांना राजाकडून सशर्त माफी मिळे. 1718 च्या कायद्यानंतर त्यांना बहुधा 14 वर्षांसाठी अमेरिकेतल्या वसाहतींत धाडत. साध्या चोरीला 7 वर्षं. 1775 नंतर ती वाट बंद झाली, तेव्हा कैदी थेम्स नदीतल्या जुन्या जहाजांवर कोंडले गेले आणि 1787 पासून ऑस्ट्रेलियाकडे.

तारखांचंही बघा: 1752 पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष 25 मार्चला बदलायचं. जुन्या कागदावरचा जानेवारी 1724 म्हणजे आपल्या हिशेबाने 1725.

आणि 'पोलिसांनी तपास केला' हे वाक्य तर खोडूनच टाका. लंडनचं महानगर पोलीस दल आलं 1829 मध्ये. त्याआधी कॉन्स्टेबल आणि रात्रीचे पहारेकरी होते, पण चोर शोधणं, साक्षीदार गोळा करणं, खटल्याचा खर्च हे बहुतेक सगळं फिर्यादीच्याच गळ्यात. त्यात वाटमाऱ्याला दोषी ठरवून दिल्यास सरकारी इनाम 40 पौंड. त्या पैशांवर जगणारे चोर-पकडे तयार झाले. त्यांतला जोनाथन वाइल्ड स्वतःच टोळ्या पोसायचा आणि चोरलेला माल मोबदला घेऊन मालकाला परत मिळवून द्यायचा. 1725 मध्ये त्याला टायबर्नला, म्हणजे लंडनच्या फाशीच्या जागी, फाशी झाली. तेव्हा साक्षीदार चोर-पकड्या असेल, तर आधी इनाम कुणाला मिळणार होतं ते तपासा.